वैद्य आणि शिल्पकार : डॉ. टेट मॅकेन्झी

स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे द्यावीत, हा आपला परिपाठ. यंदा आम्ही तो मोडीत आहोत, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मूल चित्रे काढू लागले की त्याच्या हातचा कुंचला काढून घेऊन गणिताचे पुस्तक देणारे पालक आपल्यांत पुष्कळ आहेत. शिक्षक या नात्याने आम्हीही त्यांस साथ दिली आहे. म्हणून पाश्चात्त्य जगात विख्यात झालेल्या या कॅनडावासी गृहस्थाचे चरित्र सांगावेसे वाटले.

रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांचा जन्म १८६७ साली ऑन्टॅरिओ प्रांतात अल्मॉन्ट गावानजीक झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते निवर्तले. आपल्या शाळांच्या मैदानांवर खेळला जाणारा बास्केटबॉल १८९१ साली ज्यांनी काढला, ते जेम्स नेस्मिथ याच गावचे व मॅकेन्झींचे स्नेही. मॅकेन्झी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८९२ साली वैद्यकीचे पदवीधर झाले आणि तेथेच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

शिल्पकलेकडे ते वळले ते शिकविण्याच्या गरजेतून. श्रमाने माणसाची मुद्रा कशी पालटते, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी त्यांनी चार मुखवटे घडविले : आटोकाट जोर, धाप, थकवा आणि संपूर्ण गलितगात्रता. पुढे धावपटूंच्या शरीरांची मापे घेऊन त्यांनी ‘धावपटू’ ही मूर्ती केली; शेकडो विद्यार्थ्यांच्या मापांची सरासरी काढून ‘मल्ल’ही घडविला. आमच्या मते हा ‘मल्ल’ निर्दोष असूनही थंड आहे. सरासरीला कधी घाम येत नाही! त्या दमलेल्या मुखवट्यांत मात्र प्राण आहे.

१९०४ साली ते फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे प्रमुख झाले व १९३१ पर्यंत तेथे राहिले. अडथळ्यांवरून झेपावणाऱ्या तीन तरुणांचे त्यांचे वर्तुळाकार उत्थित शिल्प १९१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी स्टॉकहोमच्या क्रीडागाराच्या भिंतीत बसविले गेले.

मग पहिले महायुद्ध आले. निरोगी देहाच्या मापांत रमलेल्या या डॉक्टरांपुढे आता छिन्नविच्छिन्न देह आले. ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात राहून त्यांनी जखमी सैनिकांना व्यायाम, मर्दन व इतर उपचारांनी पुन्हा उभे करण्याची व्यवस्था लावली. त्या अनुभवावर त्यांनी १९१८ साली ग्रंथही लिहिला.

युद्धानंतरची त्यांची स्मारके पाहावीत. केंब्रिज येथे १९२२ साली उभारलेला सैनिक शिरस्त्राण हाती घेऊन घरी परततो आहे. त्यात विजयाची मिरवणूक नाही, चालण्यातली सुटका तेवढी आहे. एडिंबरो येथे १९२७ साली उभा राहिलेला स्कॉटिश तरुण मांडीवर बंदूक आडवी ठेवून बसला आहे आणि वर किल्ल्याकडे पाहतो आहे. किती तरुण परतले नाहीत, हे घडविणाऱ्यास पुरते ठाऊक होते.

अल्मॉन्टजवळची एक जुनी पिठाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तेथे उन्हाळ्यातले घर व कार्यशाळा केली. आज तेथे त्यांचे संग्रहालय आहे. २८ एप्रिल १९३८ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचा अंत झाला. आपले हृदय एडिंबरोच्या त्या स्मारकासमोर पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. ते घडले नाही. जवळच असलेल्या सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात ते पुरण्यात आले.