मेस्त्रींचा मुलगा

बारावीचा निकाल लागला की मुरगूडच्या बाजारपेठेत आठवडाभर एकच विषय असतो. पोराला कुठे घातले? कॉलेजात, असे सांगताना बापाचा आवाज चढतो आणि आयटीआयला, हे सांगताना तोच बाप चहाच्या कपात पाहू लागतो. पोराचा हात यंत्रावर छान चालतो, हे ठाऊक असूनही. असे घरोघरी चालले असताना हटकून आठवण येते ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 चा. आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम जाणणारे आणि मूर्ती घडवणारे कारागीर. बाबूराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. चित्र, मूर्ती, लाकूड, लोखंड हे सारे ते घरातच शिकले. चुलतभाऊ आनंदराव जोडीला होते. संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता दोघांचे इतके नाव झाले, की लोक मेस्त्री विसरून पेंटर म्हणू लागले. हाताच्या कामाने मिळवलेले आडनाव! आजच्या किती पदव्यांना ते भाग्य लाभते?

1913 साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या भावांना चित्रपटाचे वेड लागले. पण कॅमेरा कुठून आणायचा? कारागिराला सुचावे तेच त्यांना सुचले: आपणच करू. जुना प्रोजेक्टर मिळवून तो खोलून पाहिला, आणि लेथवर एकेक भाग कातणे सुरू झाले. दर सेकंदाला ठरावीक चित्रे नेमक्या जागी थांबली पाहिजेत आणि पुढे सरकली पाहिजेत. दाता केसभर चुकला तरी पडद्यावर सारे थरथरते. 1916 मध्ये आनंदराव ऐन तारुण्यात गेले. काम अर्धवट होते. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. आपल्या तालुक्याचे नाव लावणाऱ्या बाईंनी एका मेस्त्रीच्या हातावर विश्वास टाकला, हे मुरगूडकरांनी ध्यानात ठेवावे. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने ते दृश्य कापायला लावले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी दाखवला. ती भूमिका केली शांतारामांनी.

आता त्या कारखान्यातले विद्यार्थी पाहा. विष्णुपंत दामले पेणचे. साहेबमामा फत्तेलाल कागलचे, मिस्त्री घराण्यातले. शांताराम हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेले. धर्म वेगळे, गावे वेगळी, पण शिक्षण एकच. सेट उभारायचा, रंग घोटायचा, फिल्म धुवायची, वेळ आली तर तोंडाला रंग लावून उभे राहायचे. याच दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये आला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला.

चित्र इतके गुलाबी मात्र नव्हते. गुरू मनस्वी होते. कामाला वेळ लावत, हिशेबाची गणिते जमत नसत. 1929 साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह ‘प्रभात’ काढली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. कारागिरी शिकवणारे त्या घरात होते, हिशेब शिकवणारा कुणी नव्हता. हुन्नराच्या जोरावर पोट भरू पाहणाऱ्या मुलाला आपल्या कामाची किंमत सांगता आली पाहिजे, पावती लिहिता आली पाहिजे. माझ्या मते आपल्याकडे नेमके हेच राहून जाते. मेस्त्री उत्तम असतो आणि नफा दुसरा घेऊन जातो.

बाबूराव मात्र हात बांधून बसले नाहीत. चित्रपट अधूनमधून केले, पण ब्रश आणि माती सुटली नाही. कोल्हापुरात विल्सनच्या पुतळ्याच्या जागी 1945 मध्ये शिवरायांचा पुतळा बसला, तोही त्यांच्याच हातचा. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्यांच्या कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचे स्मारक आहे. प्रवेशाच्या धावपळीत मुलाला घेऊन शहरात जाल, तेव्हा वाट थोडी वाकडी करा आणि त्याला ते दाखवा. कॉलेजचा अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.