अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यातील सारोळे मागे पडते, नीरा ओलांडली की शिरवळ येते आणि सातारा जिल्हा सुरू होतो. याच जिल्ह्याच्या मुख्य गावी, सातारा शहरात, १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून राहावयास आले. वय पंचावन्नाच्या पुढे, प्रकृती खालावलेली, हाती पैसा नाही. अशा वेळी मिळणारे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचे ठरविले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही जागा होती. चर्चमधील अनेकांना ही गोष्ट रुचणे अवघडच होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगावचा. चित्पावन ब्राह्मण कुटुंब, वडील कडक शिस्तीचे, आई भाविक. कल्याण आणि नाशिक येथे शिक्षण झाले, संस्कृतचा व्यासंग जडला; पण एका गावी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना हा घाव जिव्हारी लागला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नी दुरावलेली होती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी चूल व पाणी वेगळे ठेवूनच. सोवळ्याओवळ्याचा विचार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने तपासला, जातिभेद माणसाने निर्माण केला असे त्यांना पटले आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या प्रवचनांपेक्षा या विलंबाच्या काळातील त्यांची सबुरी अधिक बोलकी वाटते. ज्याला प्रीतीचा धर्म सांगायचा आहे, त्याची परीक्षा आधी घरातच होते.

अर्थात संसारात टिळक सोपे नव्हते. राग चटकन येई आणि तितक्याच चटकन ओसरे. हातचा पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि घरखर्चाचा विचार लक्ष्मीबाईंवर सोपवायचा, ही त्यांची रीत. अनाथ मुलांना त्यांच्या अहमदनगरच्या घरात आसरा मिळाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या कवीचे गुण टिळकांनी हेरले; हे बालकवी पुढे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले.

१९०४ साली टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पाळकाचे काम करताना त्यांना एक शल्य सतत बोचत असे. मराठी ख्रिस्ती समाजाची उपासना परक्या चालींवर बेतलेली, तिच्यातील भाषा भाषांतराची. ज्या मनावर तुकोबा-ज्ञानोबांचे संस्कार झाले, त्याला ख्रिस्त आपला वाटावा तर अभंग, ओवी आणि कीर्तन यांच्यातूनच, अशी त्यांची धारणा होती. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी शेकडो पदे रचली, कीर्तने केली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करताना हाच विचार त्यांनी वाचकांपुढे मांडला. ‘केवढे हे क्रौर्य’मधील घायाळ पक्षिणीची करुणा आणि त्यांची ख्रिस्तभक्ती यांचा उगम एकच आहे. तिथे धर्म कुठे संपतो आणि कविता कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण.

साताऱ्याचा दरबार फार काळ चालू शकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. अकरा अध्यायांच्या पुढे ते गेले नव्हते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहून ते पुरे केले. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याच श्रद्धेचे काव्य त्यांच्या हातून सिद्धीस गेले.