टॅम्पा रेड: सोन्याची गिटार वाजवणारा माणूस गरिबीत का गेला?

अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या एका म्युझियमने एक जुनी गिटार विकत घेतली. ही गिटार लाकडाची नाही. तिची अख्खी बॉडी धातूची आहे आणि त्यावर सोन्याचा मुलामा आहे. जुन्या गिटार जमवणाऱ्यांसाठी ही म्हणजे खजिनाच. पण ती वाजवणारा माणूस शिकागोमध्ये कफल्लक अवस्थेत वारला होता. त्याचं नाव टॅम्पा रेड.

खरं नाव हडसन वूडब्रिज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जिया राज्यातल्या स्मिथव्हिल गावात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, म्हणून पोरगं फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात आजीकडे वाढलं. तिथल्या घरचं व्हिटेकर हे आडनाव त्याने घेतलं. पुढे 1920च्या दशकात दक्षिणेतले हजारो कृष्णवर्णीय कामाच्या शोधात शिकागोला निघाले, त्यात तोही होता. तिथे तो टॅम्पा रेड झाला.

आता त्या गिटारची गोष्ट. तेव्हा माईक, अॅम्प्लिफायर वगैरे फारसं नव्हतं. ट्रम्पेट आणि ड्रमच्या आवाजात लाकडी गिटार ऐकूच यायची नाही. यावर लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपायरा या कारागिराने तोडगा काढला. मूळचा स्लोव्हाकियाचा हा माणूस. त्याने गिटारच्या पोटात अॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. तारा छेडल्या की शंकू थरथरतात आणि आवाज कितीतरी मोठा होतो. थोडक्यात काय, तर विजेशिवाय चालणारा स्पीकर! हीच रेझोनेटर गिटार. नॅशनल कंपनीने 1927च्या सुमारास ती बाजारात आणली.

बॉडी होती जर्मन सिल्व्हरची. त्यात चांदी अजिबात नसते, तरी चमक चांदीसारखीच. एक नंबरचं मॉडेल साधं, दोनवर रानगुलाब कोरलेले, तीनवर लिलीची फुलं आणि चार नंबरवर शेवंती. गंमत म्हणजे आतलं यंत्र चारही मॉडेलमध्ये तेच. नंबर वाढला की वाढायची ती नक्षी आणि किंमत. ही नक्षी हाताने कोरलेली असायची, म्हणून आज संग्राहक भिंगातून तिच्या रेघा बघत बसतात.

ही गिटार घेणाऱ्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय वादकांपैकी टॅम्पा रेड एक. 1928 मध्ये त्याने ती घेतली, तीही सोन्याचा मुलामा दिलेली. ही नुसती हौस नव्हती. स्टेजवर चमकणारी आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी गिटार म्हणजे त्याची जाहिरातच होती. लोक त्याला सोन्याच्या गिटारवाला म्हणूनच ओळखू लागले. बोटात बाटलीचा गळा घालून तो एकेका तारेवर सूर घसरवत न्यायचा. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरताना पाहिला असेल, तर हे लगेच लक्षात येईल.

त्याच वर्षी थॉमस डॉर्सीबरोबर त्याने 'इट्स टाइट लाइक दॅट' हे चावट, दुअर्थी गाणं रेकॉर्ड केलं आणि ते तुफान चाललं. (हाच डॉर्सी पुढे अमेरिकेत चर्चच्या गॉस्पेल संगीताचा जनक मानला गेला. माणसं कुठून कुठे जातात!) पुढच्या काळात टॅम्पा रेडने 300हून जास्त गाणी रेकॉर्ड केली. 'इट हर्ट्स मी टू' पुढे एल्मोर जेम्सने गाजवलं. 'ब्लॅक एंजल ब्लूज' नाव बदलून बी. बी. किंगपर्यंत पोचलं.

पण शिकागोच्या वादकांना त्याच्या गिटारपेक्षा त्याचं घर जास्त आठवायचं. गावाकडून नवा वादक आला की आधी टॅम्पा रेडच्या दारात. तिथे झोपायला जागा, जेवायला ताट आणि सरावाला खोली मिळायची. बिग बिल ब्रून्झीसारखे दिग्गज तिथे ये-जा करायचे. हा सगळा पसारा सांभाळायची त्याची बायको फ्रान्सिस. शिकागो ब्लूजचा इतिहास लिहिताना या बाईचं नाव बहुतेक वेळा एका ओळीत उरकलं जातं, हे काही बरोबर नाही.

1930च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आली. टॅम्पा रेडने 1940च्या सुमारास तीही उचलली, पण आता मडी वॉटर्ससारख्या नव्या पिढीचा जमाना सुरू होत होता. 1950च्या दशकात फ्रान्सिस गेली आणि तो कोलमडला. दारू वाढली, घर विस्कटलं. 1960 मध्ये त्याने शेवटचे अल्बम केले. तेव्हा गोरी तरुण मुलं जुन्या ब्लूज वादकांना शोधून काढून स्टेजवर आणत होती. त्या लाटेचा टॅम्पा रेडला फारसा फायदा झाला नाही.

19 मार्च 1981 रोजी तो गेला. त्याच वर्षी ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव नोंदवलं गेलं. सोनेरी गिटार सापडली ती 1990च्या दशकात, इलिनॉय राज्यातच, वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या एका गिटारवादकाला. म्युझियमने ती त्यानंतर विकत घेतली.