विश्लेषण : रॉबर्ट गिल यांच्या कॅमेऱ्याला अजिंठ्याचे रंग का दिसले नाहीत?

अजिंठ्याच्या चित्रांसाठी आयुष्य वेचणारे मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये भुसावळ येथे मरण पावले. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो यांची कहाणी मराठी वाचकांना परिचित आहे. छायाचित्रकार गिल मात्र फारसे ठाऊक नाहीत.

गिल अजिंठ्यात कशासाठी आले?
१८०४ मध्ये जन्मलेले गिल मद्रास फौजेत अधिकारी होते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्यावर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सोपवले. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी कॅनव्हासवर मोठमोठी तैलचित्रे रंगवली.

कॅमेऱ्याने काय साधले?
पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १८६४ मध्ये त्यांची ७४ छायाचित्रे असलेले लेण्यांवरील पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघाले. डोळ्यांना खोलीचा भास देणारी त्यांची जोडछायाचित्रेही त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. खांब, कमानी, शिल्पे त्यांत उमटली. भित्तिचित्रांचे रंग टिपणे मात्र त्या तंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते.

अडचण कोणती होती?
केवळ अंधार नव्हे. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांवर निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाचाच परिणाम होई. लाल प्रकाश त्यांना जवळपास 'दिसत' नसे. अजिंठ्यात तर गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग भरपूर. अशा प्लेटेवर ते काळपट उमटतात, निळा मात्र फिकट दिसतो. म्हणून रंगांची नोंद ठेवायला कुंचल्याला पर्याय नव्हता.

मग १८६६ मध्ये काय गमावले?
लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेली त्यांची बहुतेक चित्रे त्या वर्षीच्या डिसेंबरमधील आगीत जळाली. वीसेक वर्षांची मेहनत गेली. छायाचित्रे उरली, पण त्यांत रंग नव्हते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनच्या आगीतच गेल्या.

आज कॅमेरा काय पाहू शकतो?
लाल रंगापलीकडचा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्येच शोधला होता. त्या प्रकाशातील छायाचित्रे रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. फिल्मवर त्यासाठी खास रसायने लागतात. डिजिटल सेन्सरला हा प्रकाश मुळातच जाणवतो. तो अडवायला कंपन्या आत फिल्टर बसवतात. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर दाबून पाहा, अनेक फोनवर डोळ्यांना न दिसणारा ठिपका चमकतो.

अशा प्रकाशात काही रंग पारदर्शक होतात आणि खालची काजळीची रेघ दिसते. त्यामुळे जुन्या चित्रांच्या अभ्यासात हे तंत्र वापरतात. पण कॅमेरा पाहतो ते भिंतीवर उरलेलेच. गिल यांच्यानंतर झडलेला रंग कोणत्याच कॅमेऱ्याला परत आणता येत नाही. म्हणूनच आगीतून वाचलेली त्यांची मोजकी चित्रे आजही मोलाची आहेत.