शिक्षकांचे शिक्षक : पं. विष्णु दिगंबर

पांढुर्ण्याचा माझा एक विद्यार्थी नुकताच सौंसरास मुलांना गाणे शिकवू लागला आहे. गळा तयार, पण वर्ग काही केल्या जमत नाही, अशी त्याची तक्रार. त्याला पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र सांगितले. तेच येथे थोडक्यात देतो.

बुवांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास, कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी दारूकामाने डोळ्यांना इजा होऊन शाळा सुटली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांना ग्वाल्हेरच्या गायकीची कसून तालीम मिळाली. गवयाला मान दरबारात, समाजात नव्हे, हे त्यांना तेथेच उमगले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते देशाटनास निघाले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. ते कोणा राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांवर चालले.

शाळा निघाली, पण शिकवायचे कोणी? चांगला गवई चांगला शिक्षक असतोच असे नाही. घरातली विद्या एका शिष्याला ऐकवून देता येते. वर्गात पंचवीस गळे पंचवीस तऱ्हांचे. म्हणून बुवांनी उपदेशक वर्ग काढला. जेवण-राहणे मोफत, पण नऊ वर्षे राहण्याचा करार. विद्यार्थी स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांना शिकवीतही. चूक लगेच उमगे. क्रमवार पुस्तके, स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती, वाद्यांचा कारखाना, छापखाना, सारे बुवांनी उभे केले. आचरणाची शिस्तही तितकीच कडक असे.

१९०८ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईस आली. तेथील इमारतीच्या कर्जापायी अखेर वास्तूचा लिलाव झाला. उत्तरायुष्यात बुवा नाशिकास रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले.

इमारत गेली, शिक्षक मात्र उरले. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यास १९३२ मध्ये विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. बा. र. देवधरांनी मुंबईत शाळा चालविली. गुरूच्या पश्चात शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.

सौंसरच्या त्या शिक्षकाला मी एवढेच सांगितले : उद्याचा धडा आज लिहून काढ, वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलापासून आरंभ कर, आणि आठवड्यातून एकदा मोठ्या मुलाला लहानांपुढे शिकवायला बसव. तू मागे बसून ऐक.