जीन वेब्स्टर : पॅटी आणि ज्यूडीची लेखिका

'डॅडी-लाँग-लेग्ज' ही इंग्रजी कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी, विशेषतः भगिनींनी, कॉलेजच्या वयात वाचली असेल. तिच्या लेखिकेची ही थोडी ओळख.

जीन वेब्स्टर यांचा जन्म १८७६ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया गावी झाला. मार्क ट्वेन हे त्यांच्या आईचे सख्खे मामा. वडील ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेचा कारभार पाहत. जनरल ग्रँट यांच्या आठवणींचा तडाखेबंद खप झाला, पण पुढे मामा आणि भाचेजावई यांचे बिनसले. १८८८ मध्ये वडील धंद्यातून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये वारले. नात्यातल्या भागीदारीचे काय होते हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको!

मूळ नाव ॲलिस. वसतिगृहात खोलीतली दुसरी मुलगीही ॲलिसच निघाली, म्हणून या जीन झाल्या. १८९७ मध्ये मुलींच्या व्हासार कॉलेजात गेल्या. तिथे ॲडलेड क्रॅप्सी ही कवयित्री मैत्रीण भेटली आणि तिच्याच खोडकर स्वभावावरून १९०३ च्या पहिल्या कादंबरीतली पॅटी उभी राहिली. अर्थशास्त्र हाही त्यांचा विषय होता. त्या अभ्यासासाठी निराधार मुलांच्या संस्था पाहिल्या, त्या मनातून गेल्या नाहीत.

१९१२ ची 'डॅडी-लाँग-लेग्ज' त्यातूनच आली. अनाथाश्रमातल्या ज्यूडीला एक अनोळखी विश्वस्त कॉलेजात शिकवतो. अट एकच, दरमहा पत्र लिहायचे. बरोबरीच्या मुलींनी लहानपणीच वाचलेली पुस्तके हिला ठाऊकच नसतात, म्हणून ती गुपचूप एकेक वाचून काढते. आम्हाला मात्र ज्यूडी आवडते ती हिशेबामुळे. शिक्षणाचा खर्च ती उपकार न मानता कर्ज मानते आणि स्वतःच्या कादंबरीचे पैसे येताच हजार डॉलरचा चेक पाठवते. असा कर्जदार आम्ही नोकरीत फार थोडा पाहिला. कादंबरीवर नाटक झाले, आणि अनाथ मुलांना घरे मिळावीत म्हणून ज्यूडीच्या बाहुल्याही विकल्या गेल्या.

१९१४ मध्ये ॲडलेड क्षयाने गेली. जीन यांचे लग्न बरीच वर्षे रखडले होते, ते १९१५ मध्ये झाले. १० जून १९१६ रोजी मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बाळंतज्वराने जीन वारल्या. वय अवघे ३९. मुलीचे नाव आईचेच, जीन, ठेवण्यात आले.