हुतात्मा अनंत कान्हेरे आणि ते पिस्तूल

मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आले. कान्हेऱ्यांनी तेव्हा विशीही गाठली नव्हती. मित्रांनो, आपण ज्या वयात परीक्षेच्या निकालाने हवालदिल होतो, ते हे वय!

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. इंग्रजी शिक्षणासाठी ते तेव्हाच्या औरंगाबादेत राहिले आणि तेथेच नाशिकच्या क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. तो खटला नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी पुढे पाठविला होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या व ते जागीच पकडले गेले.

हत्यार होते ब्राउनिंग पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची अशी पिस्तुले बेल्जियममध्ये तयार होत. चाप ओढला की एक गोळी सुटे आणि धक्क्यानेच रिकामे काडतूस बाहेर पडून पुढची गोळी नळीत येई. १९०० साली बेल्जियमच्या सैन्याने असे पिस्तूल स्वीकारले. शिवाय युरोपात ते सामान्य नागरिकांनाही सर्रास विकले जाई. आपल्याकडे मात्र १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा होता. म्हणून लंडनहून विनायकराव सावरकरांनी पाठविलेली वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली. तिकडे दुकानात मिळणारी वस्तू इकडे जिवावर उदार होऊन आणावी लागे. पारतंत्र्य म्हणजे काय, हे मला या एका गोष्टीतून जितके कळले, तितके इतिहासाच्या पुस्तकातून कळले नाही.

जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते, हेही विसरता येत नाही. एका विद्वानाचा जीव गेला आणि तीन तरुणांचेही जीव गेले. या हिशेबाचे उत्तर मला सापडलेले नाही. पण कविता छापली म्हणून माणसाला काळ्या पाण्यावर धाडणारे राज्य तरुणांच्या हाती शेवटी काय ठेवते, हा प्रश्न मात्र मला डावलता येत नाही. नाशिकला कान्हेऱ्यांच्या नावाचे मैदान आहे. आज नेमबाजीच्या स्पर्धेत आपली मुले-मुली परवान्याचे पिस्तूल उजळ माथ्याने हाती घेतात. त्या उजळ माथ्याची किंमत आधीच्या पिढीने मोजली आहे, एवढी जाणीव आपण ठेवली तरी पुष्कळ झाले.